अमळनेरचं घर: चार प्रस्ताव आणि आर्किटेक्टची निवड

प्लॉट अमळनेर नगरपरिषदेच्या हद्दीतल्या एका नव्या लेआउटमधला. चाळीस बाय साठ फूट, तोंड पश्चिमेला, समोर नऊ मीटरचा रस्ता. काही वर्षांपूर्वी इथे कापूस उभा असायचा. आता एन.ए. (बिगरशेती) होऊन विजेचे खांब आले, गटारी आल्या, पाच-सहा घरंही उभी राहिली. मालक आप्पा, निवृत्त माध्यमिक शिक्षक, थोडी कोरडवाहू शेती. थोरल्या मुलाचं गावात कृषी केंद्र, सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, धाकटा पुण्यात आयटीत. दोन नातवंडं, लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन मुली. घर साधारण 2,300 चौरस फुटांचं हवं होतं आणि त्यासाठी 48 लाख काढून ठेवले होते. त्यातले 25 लाख गृहकर्जाचे.

मी बँकांसाठी घरांची मूल्यांकनं करतो. कर्जाचा हप्ता सुटायच्या आधी जागेवर जाऊन किती काम झालं ते बघणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे जळगाव-धुळे पट्ट्यातली घरं मला पायापासून रंगापर्यंत दिसतात, आणि कुठे काय बिनसलं तेही दिसतं. थोरल्या मुलाची ओळख होती म्हणून त्याने आर्किटेक्ट निवडताना सोबत बसायला बोलावलं. या घराचं मूल्यांकन अर्थातच मी घेतलं नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

हे प्रकरण मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे आर्किटेक्ट निवडायचा म्हणजे मोबाइलवर एलेव्हेशनची, म्हणजे घराच्या दर्शनी भागाची, चित्रं बघायची आणि चौरस फुटाचा दर विचारायचा, एवढंच होतं. या दोन गोष्टींतून घराबद्दल फारच थोडं कळतं.

चार प्रस्ताव

पहिला प्रस्ताव गावातल्याच एका सिव्हिल इंजिनिअरचा. वीस रुपये चौरस फूट, म्हणजे 46,000. त्यात नगरपरिषदेच्या मंजुरीचा नकाशा, स्लॅबचं आणि कॉलमचं डिझाइन, आणि "लागलं तर येऊन जाईन" हे आश्वासन. माणूस सरळ. पहिल्याच भेटीत म्हणाला, "दादा, मी इंजिनिअर आहे, आर्किटेक्ट नाही. नकाशा पास करून देईन, लोखंड बरोबर टाकून देईन. घर कसं राहायला लागेल ते तुम्हीच बघायचं." मला हे बोलणं आवडलं.

दुसरा जळगावचा. कार्डावर नावाच्या आधी 'आर्किटेक्ट' छापलेलं, ऑफिसात मोठा टीव्ही. त्यावर दोन मजले उंच काच असलेलं आप्पांचं घर दिवसाउजेडी आणि रात्रीच्या दिव्यांत फिरवून दाखवलं. डिझाइन फुकट. बांधकामही तेच करणार, मटेरियलसह 2,050 रुपये चौरस फूट. हिशोब 47 लाखांच्या आसपास, म्हणजे बजेटात अगदी चपखल. धाकटा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता, तो खूश. आईंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नींनी, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माले घर पाहिजे, चित्र नही."

तिसरी धुळ्याची एक आर्किटेक्ट. स्वतःचं छोटं ऑफिस, हाताखाली एक ड्राफ्ट्समन. एकरकमी 2,30,000, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगळी.

चौथी नाशिकची फर्म. बांधकाम खर्चाच्या आठ टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय येण्याजाण्याचा खर्च. 48 लाखांवर ही रक्कम साडेचार लाखांच्या पुढे जाते.

46,000 ते साडेचार लाख. एवढी तफावत बघितली की घरातल्या कुणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो की जास्तीचे पैसे कशाचे. आप्पांनीही तोच विचारला. मी त्यांना वेगळ्या बाजूने हिशोब मांडून दाखवला. गावातला इंजिनिअर आणि धुळ्याची आर्किटेक्ट यांच्या फीमधला फरक 1,84,000, म्हणजे 48 लाखांचे चार टक्केसुद्धा नाहीत. पायाचा अंदाज चुकला, खिडक्यांची मापं ऐनवेळी बदलली, एक भिंत पाडून पुन्हा बांधली, की एवढे पैसे कुणाच्या लक्षातही न येता जातात. अर्थात जास्त फी दिली म्हणजे या गोष्टी टळतातच असंही नाही. म्हणून फीची तुलना मी शेवटी ठेवायला सांगितली.

कागदपत्रं आधी

आर्किटेक्ट्स ॲक्ट 1972 सालचा. त्यानुसार 'आर्किटेक्ट' ही उपाधी फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. नोंदणी क्रमांक सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही तपासता येतो. या कायद्याने संरक्षण दिलंय ते उपाधीला. घराचं डिझाइन करण्याचं काम नोंदणी नसलेल्याने करू नये असं हा कायदा म्हणत नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा गावातल्या इंजिनिअरने नकाशा काढणं पूर्ण रीतसर. तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणत नव्हता, तिथेच विषय संपतो.

जळगावच्या कार्डावर क्रमांक नव्हता. थोरल्याने फोन करून विचारला तर "पाठवतो" म्हणाले, मग "आमचे एक पार्टनर आहेत त्यांचा आहे" म्हणाले, मग विषय बदलला. मला यात फसवणुकीपेक्षा सवय जास्त दिसते. आपल्याकडे नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाला लोक आर्किटेक्टच म्हणतात, मग तोही कार्डावर छापून मोकळा होतो. पण ज्याला स्वतःची नोंदणी एका ओळीत सांगता येत नाही, त्याच्याकडून 47 लाखांचा हिशोब एका ओळीत मिळेल अशी आशा धरू नये.

या प्रस्तावाला माझा खरा आक्षेप मात्र वेगळा होता. डिझाइन करणारा आणि बांधणारा एकच असला की मापं कोण घेणार? ठेकेदाराने कॉलममध्ये सोळा मिमीऐवजी बारा मिमीची सळई टाकली, तर ती काढायला लावणारा माणूस ठेकेदाराच्याच पगारावर असतो. त्यांचं हप्त्यांचं वेळापत्रक बघितलं तर बुकिंगला तीस टक्के आणि जोत्याला आणखी पंचवीस. जोत्यापर्यंतच्या कामाला एकूण खर्चाच्या अर्ध्याहून जास्त रक्कम लागत नाही, हे मी रोज बघतो. बँकही त्या टप्प्याला इतके पैसे सोडणार नव्हती, म्हणजे फरक आप्पांच्या भविष्य निर्वाह निधीतून जाणार. सिमेंट कुठलं, लोखंड कुठलं, दाराची चौकट कशाची, यावर कागदात एकच शब्द होता, 'स्टँडर्ड'.

हा प्रस्ताव बाजूला पडला. धाकटा आठवडाभर नाराज होता.

साडेचारची वेळ

उरलेल्या तिघांना प्लॉट बघायला बोलावलं. इथे जे दिसलं त्यावर माझ्या मते निम्मी निवड झाली.

इंजिनिअर सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन गेला, टेप लावली, चारही बाजू मोजल्या. नाशिकच्या फर्मने एक तरुण सहकारी पाठवला. तोही सकाळच्या गाडीने आला, ड्रोनने फोटो काढले, आणि नंतर घरच्या सगळ्यांसाठी बारा पानी प्रश्नावली पाठवली. प्रश्नावली चांगली होती, खोटं कशाला बोला. पुस्तकं किती, पाहुणे किती, भविष्यात गाडी कुठली घेणार, सगळं होतं.

धुळ्याच्या आर्किटेक्टने स्वतःहून दुपारची वेळ मागितली. एप्रिलचा दुसरा पंधरवडा, साडेचार वाजलेले. पारा बेचाळीसच्या वर. तिने सगळ्यांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. डोळे उघडवेनात. "आता इथे दोन मजली काच कल्पून बघा," म्हणाली. जळगावच्या व्हिडिओबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पश्चिममुखी प्लॉट म्हटल्यावर काचेची मागणी येणारच, हे तिला पाठ होतं.

मग छज्ज्याचा विषय निघाला. आप्पांचं म्हणणं, दोन फुटांचा छज्जा टाकला की झालं. तिने दोन फुटांची एक फळी घेतली, पडक्या कुंपणाच्या भिंतीवर आडवी धरली आणि सावली कुठवर पडते ते खडूने आखलं. दोन फुटी छज्जा त्या वेळी खिडकीचा वरचा सव्वा फूट कसाबसा झाकतो. खालची सगळी खिडकी उन्हात, आणि सूर्य मावळायला अजून अडीच तास. दक्षिणेला छज्जा कामाचा, तिथे दुपारचं ऊन वरून येतं. पश्चिमेला ऊन समोरून येतं, तिथे छज्ज्याचा इलाज चालत नाही. शिवाय आपण 21 अंश अक्षांशावर. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता पंचवीसेक अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे 'उत्तरेची खोली गार' हे समीकरण वायव्येच्या खोलीला लागू होत नाही. ज्या खोलीत नातवंडांना झोपवायचा बेत होता ती नेमकी वायव्येची.

नंतर तिने खाली बघितलं. जमिनीला भेगा पडलेल्या. पेन उभं घातलं तर टोपणापर्यंत आत गेलं. "आप्पा, इथे मुरूम किती फुटांवर?" आप्पांना माहीत नव्हतं. शेजारच्या घरमालकाला हाक मारून विचारलं, तो म्हणाला आठ-नऊ फूट. तेवढ्यावर ती थांबली नाही. मागच्या कोपऱ्यात जेसीबीने एक खड्डा घ्या, मला फोटो आणि टेप लावलेलं माप पाठवा, त्याआधी मी एकही रेघ ओढणार नाही, असं सांगितलं.

काळ्या मातीची गोष्ट खानदेशात कुणाला सांगायला नको, तरी घर बांधताना तिचा विसर पडतो. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यात उथळ ठेवला की ती त्याला दरसाल वर-खाली करते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. मूल्यांकनाला गेल्यावर मी आधी खिडक्यांचे कोपरे बघतो ते यासाठीच. खड्डा घेतला तर सात फुटांपर्यंत काळी, मग पिवळसर चिकण, आणि साडेनऊ फुटांवर मुरूम. आमच्या पूर्वेला, चोपडा-यावल-रावेरच्या तापीकाठच्या पट्ट्यात गाळ इतका खोल आहे की मुरूम शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिथे अंडर-रीम पाइलसारखा (तळाशी फुगीर केलेला, जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) वेगळा उपाय बघावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो काळ्या मातीसाठीच विकसित केलेला आहे. इथे मुरूम हाती लागत होता, तेव्हा फूटिंग (कॉलमचा पायातला रुंद तळ) मुरमावर, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) काळ्या मातीवर न टेकवता तिच्यावर अंतर राखून, जोत्यात मुरमाची भरणी आणि घराभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. पायाचा खर्च इंजिनिअरच्या अंदाजापेक्षा दीड लाखाने वाढला. पण तो सुरुवातीलाच कळला, आणि कर्जाच्या एस्टिमेटमध्ये घालता आला. जोतं झाल्यावर कळला असता तर तो खिशातून गेला असता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आईंशी झालेलं बोलणं. बाभळीखाली खुर्च्या टाकून चहा चालला होता. तिने विचारलं, "काकू, आखाजीला घरात किती जण असतात?" आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. दोन मुली, जावई, त्यांची पोरं, धाकट्याचं कुटुंब, मिळून सतरा-अठरा. "मांडे कुठे करता?" आई एकदम मोकळ्या झाल्या. मांडे भाजायचं मातीचं खापर गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, चूल लागते, चुलीला मागचं अंगण लागतं, अंगणात वारा कुठून येतो ते बघावं लागतं, नाहीतर धूर घरात. झोका बांधायला कडी कुठे? उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो तर बाजा वर न्यायच्या कशा? पापड-कुरडया वाळत घालायला गच्चीवर नळ हवा की नको? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढे नकाशात कुठेतरी उतरलं. स्लॅबमध्ये कडी, साडेतीन फुटांऐवजी चार फुटांचा जिना, वळणाला बाज फिरेल एवढी जागा.

सूनबाई तोवर गप्प होत्या. त्यांनाही तिने थेट विचारलं की शाळेतून आल्यावर वह्या कुठे तपासता. उत्तर आलं, "पलंगावर." नाशिकच्या प्रश्नावलीत 'स्टडीची आवश्यकता' असा प्रश्न होता, आणि त्यापुढे थोरल्याने 'नाही' लिहून पाठवलं होतं.

दोन कच्चे आराखडे

इंजिनिअर इथे स्वतःच मागे हटला. "मॅडम करत असतील तर नगरपरिषदेचं मी बघतो," म्हणाला. हे पुढे फार उपयोगी पडलं.

उरलेल्या दोघांना प्रत्येकी 15,000 देऊन कच्चा आराखडा मागवला. दोघांनाही एकमेकांबद्दल स्पष्ट सांगितलं होतं, आणि जो निवडला जाईल त्याच्या फीत ही रक्कम वळती होईल असं ठरलं होतं. फुकट आराखडा मागू नये असं माझं ठाम मत आहे. फुकट मिळतो तो आधीच्या कुणाच्यातरी घराचा असतो, नाव बदललेला.

नाशिकचा आराखडा देखणा होता. मधोमध चौक, चौकाभोवती खोल्या, वरून पेर्गोला, म्हणजे पट्ट्यांचा उघडा मांडव. जुन्या वाड्यांची आठवण करून देणारा, हवेशीर, आणि कागदावर तरी उष्णतेचा विचार केलेला. मला स्वतःला तोच जास्त आवडला होता, आणि अजूनही वाटतं की घर म्हणून त्यात जीव होता. आईंनी नकाशा उलटसुलट करून बघितला आणि एकच प्रश्न टाकला, "आनि चौक कोन झाडी?" एप्रिल-मेच्या वावटळीत उघड्या चौकात जी धूळ येते ती सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, आणि ती काढणारी त्या घरात एकच, कारण सूनबाई नऊलाच शाळेला निघतात. वाड्यात चौक झाडायला चार बायका होत्या. हा मुद्दा नाशिककरांना सांगितला तेव्हा त्यांनी चौकावर काचेचं छप्पर सुचवलं. अमळनेरात, उन्हाळ्यात, डोक्यावर काच. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, तिथलं घर आणि इथलं घर यात फरक पडतो.

धुळ्याचा आराखडा बघायला साधा होता. पश्चिमेच्या सगळ्या बाजूला जिना, गाडी, स्टोअर आणि वरच्या मजल्यावर बाथरूम. ज्या जागेत माणूस तास-तास बसत नाही ती सगळी उन्हाच्या तोंडाला. बसायची-झोपायची खोली पूर्वेला आणि मागच्या अंगणाकडे. पश्चिमेच्या भिंती नऊ इंची, भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांच्या. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. आप्पांच्या गावाकडच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती टाकत, तसंच हे. वास्तुशास्त्राचा अडथळा येईल असं थोरल्याला वाटलं होतं. पण जिना पश्चिमेला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला, एवढ्यावर घरचे गुरुजी समाधानी झाले. आर्किटेक्ट वास्तू मानते की नाही ते मला माहीत नाही, आणि तिने कुणाला सांगितलंही नाही.

धाकट्याला एलेव्हेशन सपक वाटलं. त्यावर तोडगा म्हणून जिन्याच्या पश्चिम भिंतीला सिमेंटच्या जाळीचा उभा पट्टा आला. ऊन गाळून घेतं, वारा येऊ देतं, आणि फोटोत बरं दिसतं.

याच सुमाराला दोघांनी बांधलेली जुनी घरं बघायला गेलो. अट एवढीच ठेवली होती की घर किमान तीन वर्षं वापरातलं हवं आणि दुपारी जायचं. वास्तुशांतीला सगळीच घरं छान दिसतात. घरमालकाला विचारायचे प्रश्नही ठरलेले. स्लॅब ओतल्यानंतर आर्किटेक्ट किती वेळा आला? ठेकेदाराशी वाद झाला तेव्हा कुणाच्या बाजूने बोलला? टाइल्ससाठी त्याने सांगितलेल्याच दुकानात जावं लागलं का? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण विचारायलाच हवा. 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार काम मिळवण्या-देण्यासाठी कमिशन, सवलत, भेटवस्तू देण्याघेण्याला नोंदणीकृत आर्किटेक्टला मनाई आहे, आणि तरी बाजारात काय चालतं ते दुकानदारांना ठाऊक असतं. धुळ्याच्या आर्किटेक्टबद्दल एका घरमालकाने तक्रार केली ती निराळीच: "मॅडमचं काम चोख, पण ड्रॉइंग वेळेवर येत नाहीत." हे आम्ही वहीत लिहून घेतलं.

निर्णय घरच्यांनी एका संध्याकाळी जेवणानंतर घेतला. धुळं. नाशिकला फोन थोरल्याने केला, आभार मानले, आराखडा वापरणार नाही हेही सांगितलं.

करारात काय लिहिलं

करार सहा पानांचा झाला. बहुतेक मजकूर तिच्याकडचा होता, काही कलमं आम्ही घातली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो जागेवरच्या भेटींवर. 'आवश्यकतेनुसार भेटी' या शब्दांना काही अर्थ नसतो. म्हणून टप्पे लिहिले: आखणी, खोदकाम झाल्यावर फूटिंगच्या आधी, प्लिंथ बीमचं लोखंड, दोन्ही स्लॅबचं लोखंड काँक्रीटच्या आदल्या दिवशी, वीटकाम खिडकीच्या उंचीला आल्यावर, प्लास्टरआधी वायरिंग-प्लंबिंग बघायला, आणि शेवटची. एकूण आठ. त्यावर लागली तर प्रत्येकी ठरावीक रक्कम. काँक्रीटच्या आधी लोखंड स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून सही करायची, आणि ती सही असल्याशिवाय ठेकेदाराचं त्या टप्प्याचं बिल नाही.

फी टक्केवारीत न ठेवता एकरकमी ठेवली होती, ते मला पटलं. टक्केवारीत घर महाग झालं की फी वाढते. याचा कुणी गैरफायदा घेईलच असं नाही, पण स्वस्त टाइल सुचवणाऱ्याचंच नुकसान व्हावं ही रचनाच विचित्र. एकरकमीची दुसरी बाजू म्हणजे क्षेत्रफळ आणि बदल यांची मर्यादा लिहावी लागते. नगरपरिषदेत नकाशा दाखल होईपर्यंतचे बदल फीत धरलेले, त्यानंतर मालकाच्या इच्छेने केलेल्या बदलाचे पैसे वेगळे, आधी लेखी कळवून. हे कलम वाचून आप्पा म्हणाले होते, "आम्ही कशाला बदलू?"

ड्रॉइंगची यादी करारालाच जोडली. परवानगीचा नकाशा म्हणजे सगळी ड्रॉइंग्ज नव्हेत, हे बऱ्याच मालकांना बांधकाम सुरू झाल्यावर कळतं. मिस्त्रीला लागतो तो वर्किंग ड्रॉइंगचा गठ्ठा: दारं-खिडक्यांची मापं, जिन्याचा छेद, बाथरूममधला उतार, विजेचे पॉइंट, गच्चीच्या पाण्याचे पाइप. जोत्याची उंचीही आकड्यात लिहिली, रस्त्यापासून तीन फूट. नगरपरिषद दर काही वर्षांनी रस्त्यावर थर चढवते आणि दीड फुटी जोत्याची घरं पावसाळ्यात पाणी उपसत बसतात. गावातल्या जुन्या कॉलन्यांमध्ये फिरलं की दिसतं.

परवानगीचं काम गावातल्या इंजिनिअरकडेच दिलं. त्याचे 20,000 तिच्या फीतून वजा झाले. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तेव्हा सोडायच्या जागा, उंची, जिन्याची मापं वगैरे नियम कागदावर सगळीकडे सारखे. पण फाइल कुठल्या टेबलावर अडते ते गावातल्या माणसालाच माहीत असतं.

फीचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले, आणि शेवटचे दहा टक्के भोगवटा प्रमाणपत्राला.

बांधकामात

दसऱ्याला आखणी झाली. पाया ठरल्या खर्चात बसला. जोतं झाल्यावर जोते तपासणीचं प्रमाणपत्रही अडचणीविना मिळालं.

पहिली कुरबुर आप्पांकडूनच निघाली. जोतं झाल्यावर धाकट्याच्या सासऱ्यांनी येऊन सांगितलं की स्वयंपाकघर लहान आहे, आणि मागची भिंत चार फूट सरकवायचं घरात ठरलं. बदल झाला. त्यात बीम बदलला, अंगणातली चुलीची जागा बदलली, विजेचं ड्रॉइंग नव्याने झालं. तिने 18,000 चं पत्र पाठवलं. आप्पा चिडले, एवढ्याशा रेघेचे अठरा हजार कसले. थोरल्याने कराराचं पान उघडून समोर ठेवलं. पैसे दिले, पण त्यानंतर दोन आठवडे आप्पा साइटवर तिच्याशी फक्त 'हो मॅडम, नाही मॅडम' एवढंच बोलत होते.

दुसरी अडचण तिच्या बाजूची, आणि आधीच वहीत लिहिलेली. खिडक्यांची ड्रॉइंग्ज आली नाहीत. वीटकाम खिडकीच्या उंचीला येऊन थांबलं, मिस्त्रीने कारागीर दुसऱ्या साइटवर हलवले, ते परत यायला पंधरवडा गेला. एका माणसाच्या ऑफिसचं हे असंच असतं. तिच्या हातात एकाच वेळी शिरपूरचं हॉस्पिटल होतं. नाशिकच्या फर्ममध्ये हे झालं नसतं असं मला वाटतं, तिथे चार जण ड्रॉइंगला बसतात. करारात ड्रॉइंगची यादी होती, तारखा नव्हत्या. आता कुणी विचारलं तर मी तारखाही घालायला सांगतो.

जाळीवरून मिस्त्रीशी बरंच वाजलं. त्याला तयार सिमेंट-पाइपवाल्याकडच्या जाळ्या लावायच्या होत्या. त्यांची भोकं मोठी, ऊन सरळ आत. तिने त्याच पाइपवाल्याकडे जाऊन साचा बदलून घेतला, भोकं तिरकी करून घेतली. जाळी चढली त्या दिवशी पाच वाजता जिन्यात उभं राहिलो तेव्हा ऊन पायऱ्यांवर ठिपक्यांत पडत होतं, भिंतीवर नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात कुटुंबाने मागच्या खोलीत एसी लावला नाही, कूलरवर भागलं. वायव्येची खोली मात्र तापते. तिथे आता नातवंडांऐवजी धान्याच्या कोठ्या आणि आप्पांची पुस्तकं आहेत.

एकूण खर्च 51 लाखांच्या थोडा पुढे गेला. वाढीत पायाचे दीड लाख, स्वयंपाकघराचा बदल, आणि बाकी सगळं फर्निचर, जे कुणाच्याच करारात नव्हतं. आखाजीला मांडे मागच्या अंगणात झाले, कडीला झोका बांधला गेला. धूर थोडा घरात आलाच, कारण भिंत सरकल्यावर चूल वाऱ्याच्या तोंडाला गेली होती. आर्किटेक्टने चुलीला चार फुटी आडभिंत सुचवली आहे, तिचे पैसे मागितले नाहीत. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज नगरपरिषदेत गेलाय, आणि ते प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तिचे शेवटचे दहा टक्के थोरल्याच्या खात्यात पडून आहेत.